चकवा आणि चित्रफीत

दृश्य माध्यमांतील भयकथांमध्ये ‘फाउंड फुटेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीची मूळ अट अशी आहे की, प्रेक्षकाला दिसणारे प्रत्येक दृश्य कथेतल्याच एखाद्या माणसाने स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपलेले असावे, तो माणूस पुढे नाहीसा झालेला असावा, आणि त्याच्यामागे उरलेली चित्रफीत दुसऱ्या कोणाच्या हाती लागून लोकांसमोर आलेली असावी. मराठीत तिला ‘सापडलेली चित्रफीत’ म्हणता येईल. अशा चित्रफितीतली भीती पडद्यावरच्या भुतापेक्षा प्रेक्षकाच्या जाणिवेतून अधिक येते: जे घडायचे ते घडून गेले आहे, चित्रीकरण करणाऱ्याला ते ठाऊक नाही, पाहणाऱ्याला मात्र ठाऊक आहे, आणि त्याला सावध करण्याचा कोणताही मार्ग उरलेला नाही. व्हिडिओ गेमचा स्वभाव नेमका याच्या उलट असतो. तेथे सूत्रे खेळाडूच्या हाती असतात, चूक झाली तर मागच्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करता येते, आणि पात्र मेले तरी ते मरण पुसून पुढे जाता येते. सापडलेल्या चित्रफितीवर गेम बेतण्याच्या प्रयत्नांच्या वाट्याला वारंवार निराशा का आली, याचे बरेचसे उत्तर या विरोधात आहे. परंतु सगळे उत्तर त्यात नाही, आणि ‘ब्लेअर विच’ या एकाच नावाखाली २००० आणि २०१९ साली निघालेल्या गेमचा इतिहास तपासला म्हणजे ते ध्यानात येते.

ही युक्ती कॅमेऱ्याहून पुष्कळ जुनी आहे. होरेस वॉल्पोल याने १७६४ साली ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी प्रथम छापली तेव्हा ती स्वतःची न म्हणता, इंग्लंडच्या उत्तरेकडील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडलेल्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर म्हणून वाचकांपुढे ठेवली. ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ तर रोजनिश्या, पत्रे, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि फोनोग्राफवर मुद्रित केलेली टिपणे यांचीच बनलेली आहे. चित्रपटात हीच युक्ती १९८० साली रुग्गेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाने ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मध्ये इतक्या क्रूरपणे वापरली की, पडद्यावर मेलेले नट प्रत्यक्षात जिवंत आहेत हे त्याला न्यायालयाला पटवून द्यावे लागले. या शैलीला घरोघरी पोहोचवले ते मात्र १९९९ सालच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने, आणि तो चित्रपट कसा तयार झाला हे सविस्तर पाहिल्याशिवाय त्याच्यावर बेतलेल्या गेमचे काय चुकले ते कळत नाही.

डॅनियल मायरिक आणि एडुआर्डो सांचेझ हे त्याचे दोघे दिग्दर्शक युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडा येथे चित्रपटकला शिकलेले होते. कथा अशी: १९९४ च्या ऑक्टोबरात तीन विद्यार्थी मेरीलँड राज्यातल्या बर्किट्सव्हिल गावाजवळच्या रानात तेथल्या चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करण्यासाठी जातात आणि परत येत नाहीत, वर्षभराने त्यांचे चित्रीकरण सापडते. प्रत्यक्ष चित्रीकरण १९९७ च्या ऑक्टोबरात मेरीलँडमधल्या सेनेका क्रीक या संरक्षित वनात आठ दिवस चालले. कॅमेरे नटांच्याच हाती होते, एक घरगुती वापराचा हाय-एट व्हिडिओ कॅमेरा आणि एक १६ मिलिमीटर फिल्मचा. संवाद लिहून दिलेले नव्हते. उपग्रहाच्या आधारे जागा दाखवणारे जीपीएस यंत्र घेऊन नटांनी ठरवून दिलेल्या ठिकाणी पोहोचायचे, तेथे ठेवलेल्या खोक्यातून फिल्मच्या डब्या काढायच्या, प्रत्येकाने आपल्या नावाच्या डबीतली चिठ्ठी दुसऱ्याला न दाखवता वाचायची आणि त्या दिवशी त्या सूचनेनुसार वागायचे, अशी ती योजना होती. दिवसागणिक त्यांचे खाणे कमी करण्यात आले. रात्री दिग्दर्शक आणि त्यांचे सहकारी तंबूभोवती फिरून आवाज करत, कधी तंबू हलवत, आणि सकाळी नटांना दाराशी दगडांच्या राशी सापडत. शेवटचे पडके घर पटाप्स्को नदीच्या खोऱ्यातल्या संरक्षित वनातले होते. या साऱ्यातून सुमारे वीस तासांचे चित्रीकरण हाती आले आणि त्यातून ८१ मिनिटांचा चित्रपट निघाला.

या वर्णनात जे दिसते ते चित्रपटाच्या नेहमीच्या चित्रीकरणासारखे नाही. ठरलेली ठिकाणे आहेत, तेथे पोहोचल्यावर मिळणारी सूचना आहे, प्रत्येकाचे वेगळे आणि गुप्त उद्दिष्ट आहे, आटत जाणारा शिधा आहे, आणि नियम ठरवून आडोशाला उभा असलेला रचनाकार आहे. म्हणजे खेळाची सारी अंगे तेथे हजर आहेत. तीन खेळाडूंनी आठ दिवस रानात खेळलेल्या एका खेळाची नोंद म्हणजे हा चित्रपट होय, असे म्हटले तर ते अलंकारिक विधान ठरत नाही. त्या खेळातली भीती कोणत्याही राक्षसाने निर्माण केलेली नव्हती. पुढचा मुक्काम सोडून काहीही माहीत नसणे, पोटात भूक असणे आणि सोबत्यांच्या चिठ्ठीत काय लिहिले आहे ते कळायला मार्ग नसणे, यांतून ती आलेली होती.

चित्रपटातल्या भुताचे स्वरूपही याला धरूनच आहे. तिघे जण होकायंत्र हाती धरून दिवसभर दक्षिणेकडे चालतात आणि संध्याकाळी ओढ्यावर आडवे पडलेले सकाळचेच लाकूड त्यांच्यापुढे येते. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण ‘चकवा लागणे’ हा शब्दप्रयोग याच अनुभवासाठी आहे. कोकणात आणि घाटावरही जुन्या लोकांच्या सांगण्यातला चकवा अंगावर धावून येत नाही, त्याला चेहरा नसतो, त्याचे पूर्वचरित्र कोणी सांगत नाही; पायाखालच्या वाटेवर माणसाची दिशा काढून घेणे एवढेच त्याचे काम, आणि रात्रभर चालूनही मनुष्य उजाडताना निघाल्या जागीच उभा असतो. ‘ब्लेअर विच’ची चेटकीण ही या अर्थाने चकवाच आहे. ती एकदाही दिसत नाही. शेवटच्या दृश्यात दिसतो तो कोपऱ्याकडे तोंड करून उभा असलेला एक सोबती, आणि पाठोपाठ कॅमेरा जमिनीवर पडतो.

जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवल्यानंतर आर्टिझन एंटरटेनमेंट या वितरण संस्थेने तो ११ लाख डॉलरना विकत घेतला आणि जगभरात त्याने सुमारे २४.८ कोटी डॉलर मिळवले. या यशात महाजालावरील त्याच्या पानाचा आणि सायफाय वाहिनीवर दाखवलेल्या ‘कर्स ऑफ द ब्लेअर विच’ या बनावट माहितीपटाचा मोठा वाटा होता. नटांची खरी नावेच पात्रांना दिलेली होती, ते बेपत्ता असल्याची पत्रके वाटण्यात आली, आणि चित्रपटातली हेदर जिने साकारली त्या हेदर डोनाह्यू यांच्या आईला सांत्वनाची पत्रे आली. लोकांचा विश्वास बसावा म्हणून निर्मात्यांनी दोन शतकांचा एक इतिहासही रचला होता. त्यानुसार १७८५ साली एली केडवर्ड नावाच्या बाईला चेटकीण ठरवून ब्लेअर गावातून हाकलले जाते. १८८६ साली हरवलेल्या मुलीच्या शोधात गेलेल्यांची प्रेते कॉफिन रॉक नावाच्या खडकावर सापडतात. १९४० च्या सुमारास रस्टिन पार हा रानात एकटा राहणारा माणूस सात मुलांचा जीव घेतो. चित्रपटात यांतले फार थोडे ऐकू येते, तेही गावकऱ्यांच्या तुटक आणि परस्परविरोधी बोलण्यातून, आणि त्याची परिणामकारकता त्या तुटकपणात होती. गेमच्या व्यवसायाने या रचित इतिहासाकडे पाहिले ते मात्र निराळ्या दृष्टीने. तेथे तीन काळ होते, तीन नायक शक्य होते, म्हणून तीन गेम निघू शकत होते.

टेक्सासमधल्या गॅदरिंग ऑफ डेव्हलपर्स या प्रकाशन संस्थेने २००० सालच्या अखेरच्या काही महिन्यांत, म्हणजे चित्रपटाचा दुसरा भाग पडद्यावर येण्याच्या सुमारास, हे तीन खंड एकामागून एक बाजारात आणले. पहिला ‘रस्टिन पार’ टर्मिनल रिअ‍ॅलिटीने केला, दुसरा ‘द लेजेंड ऑफ कॉफिन रॉक’ ह्यूमन हेड स्टुडिओजने, आणि तिसरा ‘द एली केडवर्ड टेल’ रिच्युअल एंटरटेनमेंटने. तीन वेगळ्या चमूंनी एकाच वेळी काम केल्यामुळे तीन गेम भराभर निघू शकले, आणि त्यांना बांधून ठेवणारा धागा होता तो इंजिनाचा. गेमचे इंजिन म्हणजे चित्र रेखाटणे, प्रकाश पाडणे, पात्रांची हालचाल घडवणे ही कामे करणारा तयार सांगाडा, ज्याच्यावर नवी कथा आणि नवी दृश्ये चढवता येतात. हे इंजिन टर्मिनल रिअ‍ॅलिटीने स्वतःच्या १९९९ सालच्या ‘नॉक्टर्न’ या भयगेमसाठी घडवले होते आणि हलत्या प्रकाशाने पडणाऱ्या सावल्यांबद्दल त्याची तेव्हा वाखाणणीही झाली होती.

परंतु त्या इंजिनाची एक मूलभूत रीत होती. १९९२ सालच्या ‘अलोन इन द डार्क’पासून आणि १९९६ सालच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’पासून रूढ झालेल्या पद्धतीप्रमाणे त्यात पात्र बाहेरून दिसे आणि प्रत्येक जागेसाठी कॅमेऱ्याचा कोन आधीच ठरवून पक्का केलेला असे, पात्र चौकटीच्या एका कडेने बाहेर पडले की दुसऱ्या कोनातून दिसू लागे. ज्या चित्रपटाचा सारा प्राण कॅमेरा कोणाच्या हातात आहे या प्रश्नात होता, त्याच्यावरच्या गेममध्ये कॅमेरा कोणाच्याच हातात नव्हता. झाडाच्या शेंड्यावरून, खोलीच्या आढ्यावरून किंवा वाटेच्या वळणावरून तो तटस्थपणे पाहत राही. या एका फरकाने मूळ कृतीची अट मोडली, आणि ती मोडल्यावर उरले ते रानाचे आणि गावाचे नाव.

दुसरी अडचण शस्त्रांची. पहिल्या खंडाची नायिका एल्स्पेथ हॉलिडे, जिला ‘डॉक’ म्हणतात, ती ‘नॉक्टर्न’मधूनच आलेली, भुताखेतांचा बंदोबस्त करणाऱ्या एका गुप्त सरकारी खात्यात ती काम करते आणि १९४१ साली रस्टिन पारच्या गुन्ह्यांचा छडा लावायला बर्किट्सव्हिलला येते. गावकऱ्यांशी बोलत, घरोघर चौकशी करत पुढे सरकणारा या खंडाचा भाग आजही चांगला वाटतो, आणि तिन्हींत याच खंडाला समीक्षकांनी अधिक पसंती दिली होती. पण रात्र पडली की रानात जिवंत झालेल्या काटक्यांच्या बाहुल्या आणि इतर प्राणी नायिकेवर चालून येतात आणि ती त्यांच्यावर गोळ्या झाडते. दुसऱ्या खंडात स्मृती गेलेला यादवी युद्धातला सैनिक आहे, तिसऱ्यात धर्मगुरूचे काम सोडून चेटकिणींचा माग काढणारा जोनाथन प्राय आहे, आणि दोहोंत झुंजीचे प्रमाण मोठे आहे. चित्रपटात काटक्यांची बाहुली झाडावरून नुसती लटकत असे आणि तेवढ्याने अंगावर काटा येई. गेममध्ये तीच बाहुली किती गोळ्यांनी पडते याचा हिशोब खेळाडूला करता येऊ लागला. ज्या भीतीचा हिशोब करता येतो ती अवघड असते, पण गूढ राहत नाही. वाट चुकण्याचेही तसेच झाले. गेममधल्या रानात हरवलेल्या खेळाडूला पक्के ठाऊक असते की बाहेर पडण्याची वाट रचनाकाराने कुठेतरी ठेवलेलीच आहे, त्यामुळे चकव्याचे रूपांतर नुसत्या वेळखाऊ भुलभुलैयात होते, आणि दरारा वाटायचा तेथे वैताग येतो.

२००० साली कोणीही खेळाडूच्या हाती कॅमेरा का दिला नाही, या प्रश्नाचे एक संभाव्य कारण त्याआधीच्या दशकात सापडते. कॉम्पॅक्ट डिस्क स्वस्त झाल्यावर १९९० च्या दशकाच्या पहिल्या भागात खऱ्या नटांचे चित्रीकरण वापरणाऱ्या गेमची लाट आली होती, आणि तिच्यातला सर्वांत गाजलेला ‘नाइट ट्रॅप’ हा १९९२ साली सेगाच्या सीडी यंत्रासाठी निघाला. त्यात खेळाडू एका घरातल्या पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांमधून पाहतो आणि योग्य क्षणी सापळे लावतो. त्याचे बरेचसे चित्रीकरण १९८७ साली व्हीएचएस फितीवर चालणाऱ्या एका यंत्रासाठी झालेले होते, जे यंत्र कधी बाजारात आलेच नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे गेममधील हिंसेची जी सुनावणी झाली तिच्यात हा गेम आरोपी म्हणून उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी गेमना वयोगट ठरवून देणारी ईएसआरबी ही व्यवस्था सुरू झाली. धुरकट, अडखळती चित्रे आणि खेळाडूला करण्यासारखे फार थोडे, यामुळे हा प्रकार दशकाच्या अखेरीस पार मागे पडला; त्रिमिती आकृत्यांचे गेम हेच आधुनिक, असा समज दृढ झाला. अशा वेळी कापऱ्या हाताने टिपलेल्या खरखरीत चित्राचे अनुकरण करणे हे प्रकाशकाला मागे जाण्यासारखे वाटले असल्यास नवल नाही.

कॅमेरा गेममध्ये आला तो जपानमधून. टेक्मोच्या २००१ सालच्या ‘झिरो’ या गेममध्ये, जो पश्चिमेत ‘फेटल फ्रेम’ आणि ‘प्रोजेक्ट झिरो’ या नावांनी गेला, भुताचा छायाचित्र काढून बंदोबस्त करावा लागतो, आणि भूत जितके जवळ येऊ द्यावे तितका त्या छायाचित्राचा परिणाम मोठा. कॅमेरा हे येथे शस्त्र आहे, साक्षीदार नाही. साक्षीदार म्हणून कॅमेरा वापरण्याचे धाडस ग्रासहॉपर मॅन्युफॅक्चर या स्टुडिओने २००४ सालच्या ‘मिशिगन’ या प्लेस्टेशन २ वरच्या गेममध्ये केले. धुक्याने वेढलेल्या शिकागोत एका दूरचित्रवाणी वाहिनीचे पथक शिरते आणि खेळाडू असतो त्या पथकातला कॅमेरामन. तो स्वतः लढू शकत नाही, बोलत नाही. तो ज्या गोष्टीवर कॅमेरा रोखतो तिच्याकडे बातमीदार स्त्रीचे लक्ष जाते, आणि तो वेळेवर काही दाखवू शकला नाही तर ती मरू शकते व तिच्या जागी दुसरी येते. कॅमेऱ्यातली फिल्म संपली की खेळ संपतो. सापडलेल्या चित्रफितीच्या अटीला इतका प्रामाणिक राहिलेला गेम त्याआधी झाला नव्हता, आणि तरीही संथ चाल, ओबडधोबड रचना आणि स्त्रीपात्रांकडे पाहण्याची उथळ दृष्टी यांमुळे त्याला थंड प्रतिसाद मिळाला. अमेरिकेत, म्हणजे ज्या देशात त्याची कथा घडते तेथे, तो अधिकृतपणे विकलाही गेला नाही. या शैलीच्या इतिहासातली ही सर्वांत हळहळ लावणारी निराशा आहे, कारण येथे कल्पना नेमकी बरोबर होती.

पुढची दहा वर्षे चित्रपटांनी हा प्रकार भरभराटीला नेला. ‘रेक’ आणि ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ २००७ सालचे, ‘क्लोव्हरफील्ड’ २००८ चा. २०१२ साली मार्क हॅडली याने एकट्याने तयार करून फुकट वाटलेल्या ‘स्लेंडर: द एट पेजेस’मध्ये रात्रीच्या रानात विखुरलेली आठ पाने गोळा करायची असतात, एक चेहरा नसलेला उंच माणूस मागावर असतो, आणि त्याच्याकडे पाहत राहिले की कॅमेऱ्याच्या चित्रात खरखर वाढत जाते. लढण्याची काहीच सोय नव्हती आणि मरण आले की काही मिनिटांचाच खेळ वाया जाई, म्हणून पुन्हा खेळण्याने भीतीचा भंग फारसा होत नसे. २०१३ साली माँट्रियलच्या रेड बॅरल्सने ‘आउटलास्ट’ आणला. कोलोरॅडोतल्या एका मनोरुग्णालयात शिरलेल्या माइल्स अपशर या पत्रकाराकडे फक्त एक कॅमकॉर्डर आहे. अंधारात दिसायचे तर त्याचा रात्रीच्या दृष्टीचा हिरवट उजेड वापरावा लागतो आणि तो बॅटरी खातो. पाहण्याची किंमत मोजायला लावणे ही या गेमची खरी देणगी, आणि सेनेकाच्या रानातल्या आटत्या शिध्याशी तिचे नाते उघड आहे. मात्र एखाद्या पाठलागात तीन-चार वेळा मरण आल्यावर खेळाडू त्या बोळाचा नकाशा पाठ करू लागतो आणि पाठलाग करणारा केवळ वेळापत्रकाप्रमाणे येणारा अडथळा उरतो, ही २०१७ सालच्या ‘आउटलास्ट २’मध्ये तर अधिकच जाणवणारी उणीव होती.

या पार्श्वभूमीवर जून २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमात नवा ‘ब्लेअर विच’ जाहीर झाला तेव्हा अपेक्षा उंचावणे साहजिक होते. आर्टिझन संस्था २००३ साली लायन्सगेटमध्ये विलीन झाल्याने हक्क आता लायन्सगेटकडे होते, आणि काम सोपवले होते पोलंडमधल्या क्राकुव्ह शहराच्या ब्लूबर टीमवर, ज्यांनी ‘लेयर्स ऑफ फिअर’मध्ये पाठ वळताच बदलणाऱ्या खोल्यांनी भय निर्माण करून नाव मिळवले होते. पाठीमागे जागा बदलणे हेच ज्यांचे कसब, त्यांच्या हाती चकव्याचे रान येणे हा सुयोग होता. ३० ऑगस्ट २०१९ रोजी गेम बाजारात आला. काळ १९९६ चा. एलिस लिंच हा युद्धावरून परतलेला, मनाने खचलेला माजी पोलीस पीटर शॅनन या हरवलेल्या मुलाच्या शोधात रानात शिरतो. त्याच्याजवळ एक विजेरी, एक जुन्या घडणीचा मोबाइल, एक कॅमकॉर्डर आणि बुलेट नावाचा कुत्रा आहे.

कुत्र्याची कल्पना निर्विवाद चांगली होती. बुलेट वास काढतो, माग दाखवतो, अदृश्य काही जवळ आले की त्या दिशेने गुरगुरतो, आणि तो दूर गेला की एलिसचे मन ढळू लागते. चित्रपटातल्या तिघांना एकमेकांचा जो आधार आणि जो त्रास होता, त्याची जागा येथे एका मुक्या सोबत्याने घेतली आहे, आणि गेमचा पहिला तास त्यामुळे खरोखर परिणामकारक होतो. कॅमकॉर्डरचे मात्र तसे झाले नाही. रानात सापडणाऱ्या लाल फितींना एक अलौकिक गुण दिलेला आहे: फीत पुढेमागे सरकवून ज्या क्षणी थांबवावी त्या क्षणाची स्थिती समोरच्या जगात खरी होते, म्हणजे बंद दार फितीत उघडे दिसत असेल तेथे थांबले की प्रत्यक्ष दारही उघडलेले सापडते. ही कल्पना बुद्धिमान आहे आणि अशा प्रकारच्या गेममध्ये नवीही होती; पण तिने सापडलेल्या चित्रफितीचा मुख्य धर्मच उलटा केला. फितीवरचे बदलता येत नाही, म्हणून ती भयंकर असते. ती बदलता येऊ लागली की ती किल्ली होते. आणि किल्ली म्हणूनही तिला न्याय मिळाला नाही, कारण अशी कोडी मोजकीच आहेत आणि उत्तर एकदाच सापडण्याजोगे असते. उरलेला वेळ खेळाडू स्वतःच्या डोळ्यांनी, कॅमेरा खिशात ठेवून चालतो.

रानातल्या प्राण्यांना विजेरीच्या झोताने पळवण्याचे प्रसंग २००० सालच्या चुकीची सौम्य पुनरावृत्ती ठरतात, आणि रस्टिन पारच्या घरात घडणारा लांबलचक शेवटचा भाग रान सोडून ब्लूबरच्या ओळखीच्या, खोल्या बदलणाऱ्या घराकडे परत जातो. रचनाकारांनी भय ठेवले ते एलिसच्या अपराधी मनात. त्याच्या युद्धातल्या आणि पोलीस खात्यातल्या आठवणी हेच खरे भूत, असे कथा हळूहळू उलगडत जाते. मनोविश्लेषणाचा हा मार्ग त्या काळच्या भयगेममध्ये रुळलेला होता, पण चकव्याला तो मानवत नाही. चकवा माणसाचे पाप पाहून लागत नाही, वाटेवरच्या कोणालाही लागतो. त्या तीन विद्यार्थ्यांनी काही केलेले नव्हते, आणि त्यांचे निरपराध असणे हाच प्रेक्षकाला छळणारा भाग होता. समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र राहिला. हा गेम वाईट नव्हता, आणि म्हणूनच त्याची निराशा अधिक लागते; रान, कुत्रा आणि कॅमेरा ही योग्य तिन्ही साधने हाती असून ती एकमेकांत गुंफली गेली नाहीत.

अशी गुंफण अशक्य नव्हती, याचा पुरावा त्याआधी दोन वर्षे मिळालेला होता. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट ईव्हिल ७’मध्ये नायक ईथनला लुइझियानातल्या एका घरात व्हीएचएस फिती सापडतात, आणि फीत लावली की खेळाडू ती नुसती पाहत नाही, तर ती टिपणाऱ्या माणसाच्या जागी खेळतो. एका फितीत क्लॅन्सी नावाच्या कॅमेरामनला वाढदिवसाच्या केकवर मेणबत्ती लावण्याचे कोडे सोडवायला लावले जाते. खेळाडू ते एकेक पायरीने बरोबर सोडवतो, आणि बरोबर सोडवल्यामुळेच क्लॅन्सी जळून मरतो. पुन्हा प्रयत्न करून त्याला वाचवता येत नाही, कारण ते घडून गेले आहे. पुढे ईथन त्याच खोलीत त्याच कोड्यापुढे येतो, तेव्हा क्लॅन्सीने मरण्यापूर्वी शोधलेला सांकेतिक शब्द खेळाडूला आधीच ठाऊक असतो आणि तो थेट वापरून ईथन सापळ्यातून निसटतो. एका माणसाचे अटळ मरण दुसऱ्याच्या उपयोगी पडते, आणि मध्ये असते ती फीत. खेळाडूकडे सूत्रे असणे आणि शेवट ठरलेला असणे या दोन गोष्टींचा मेळ येथे बसला आहे, आणि तो बसवण्यासाठी फितीतला भाग काही मिनिटांचाच ठेवावा लागला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

‘ब्लेअर विच’ २०२० च्या ऑक्टोबरात ऑक्युलस क्वेस्ट या डोक्यावर चढवायच्या आभासी वास्तवाच्या यंत्रासाठी पुन्हा निघाला. त्या आवृत्तीत कथा तीच असली तरी विजेरी, फोन आणि कॅमकॉर्डर खेळाडूला स्वतःचे हात हलवून धरावे लागतात आणि बुलेटला थोपटायचे तर प्रत्यक्ष हात पुढे करावा लागतो. हात थरथरला की कॅमेऱ्याचा छोटा पडदा थरथरतो आणि त्यात दिसणारे रानही.